भिंत पुसणारा

नेरुळच्या क्लबात दोन नंबरचं कोर्ट,
रात्री साडेदहाला मी भिंत पुसतो.
चेंडूचे काळे वळ. ओल्या फडक्यानं निघतात,
मनगट दुखेपर्यंत घासलं तर.

जुईली तांडेल नऊ वर्षांची होती
तेव्हा तिचे वळ भिंतभर, गोवर आल्यासारखे.
निम्मे फटके खालच्या पत्र्यावर.
पत्रा धाडकन वाजला की बाहेर बाकावर
बाप दचकायचा. करावे गावचा माणूस,
मांडीवर डबा, कुणी ऊठ म्हणालं तर उठायच्या तयारीत.
एकदा आत येऊन अंगठ्यानं जमीन दाबली,
म्हणाला, आमच्या खाजणाचा बांध हितनंच जायचा.
खरं-खोटं सिडकोचा नकाशा जाणे.

थंड चेंडू उसळत नाही, हे तिला मी सांगितलं,
कोचच्या आधी.
मारत राहा, रबर तापलं की ऐकतं.
पुढं पेपरात तिनं हे कोचच्या नावावर घातलं.
असू दे.

पंधराव्या वर्षी वळ डाव्या कडेला गोळा व्हायला लागले,
एकावर एक, बशीएवढ्या जागेत.
ती जिंकत गेली तसं माझं काम कमी झालं.
राज्य, देश, मग लागोपाठ तीन वर्षं आशिया;
मला तेवढी बशी पुसायची,
तीही ती इथं असेल तेव्हा.

कैरोहून आली तेव्हा विचारलं, तिकडं कसं असतं?
काचेच्या भिंती, काका. चेंडू पांढरा.
मग पुसतात काय?
घाम, म्हणाली.

जगात सहावी झाली त्या संध्याकाळी
क्लबानं पेढे वाटले, बापाला पुढच्या खुर्चीत बसवलं.
तो कडेवरच टेकला होता, सवयीनं.

मग गुडघा.
मग दुसऱ्यांदा तोच गुडघा.

काल आली, दहानंतर, एकटी, पट्टा बांधून.
चेंडू तापायला वेळ लागला.
आता धावत नाही ती; उंच उडवते,
वरच्या लाल रेघेला जेमतेम चुकवून,
म्हणजे तो खाली येईपर्यंत
चालत मधोमध पोचता येतं.
बशी राहिली नाही. वळ सगळे वर,
माझ्या हाताच्या कितीतरी वर.

मी शिडी आणली.
चौथ्या पायरीला शिडी डुगडुगते, नेहमीच.
काल डुगडुगली नाही. खाली बघितलं तर
जुईलीनं दोन्ही हातांनी धरलेली,
रॅकेट काखेत.
डावीकडे, काका, म्हणाली, अजून एक राहिलाय.