सात नंबरची बरगडी

कॅरमबोर्ड उलटा टाकला
आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलने मधली रेघ मारली.
हात अजून सरळ आहे म्हणायचा.
सिडकोत एकोणतीस वर्षं ट्रेसिंग केलं,
आधी खाडीचा काठ, काठाच्या आत सेक्टर,
सेक्टरच्या आत भूखंड, भूखंडाला नंबर.
माणसं नंतर राहायला यायची.

भाचीने पाठवलेल्या खोक्यात
पातळ लाकडाचे तक्ते, लेसरने कोरलेले,
अकरा बरगड्या, प्रत्येकीवर तिचा आकडा,
आणि इटालियन माहितीपत्रक.
त्यातली मला फक्त चित्रं कळतात.
चित्रं मला पुरतात.

एकेक बरगडी सुरीने सोडवायची, हळू,
पपनसाच्या फोडीवरून साल निघावं तशी.
कडा जळून काळ्या झालेल्या.
पॉलिशपेपर दीडशेचा, मग दोनशेवीसचा.
बेलापुरात, आठव्या मजल्यावर,
बोटांना चुलीचा वास.

कण्याच्या खाचेत एक बसली. दोन बसली.
तीनला काटकोनासाठी आगपेटी टेकवली,
चारला दुसरी आगपेटी,
पाचला कपड्यांचे चिमटे. सहा.
फेव्हिकॉल सुकेपर्यंत
दिवाळ्याच्या जेट्टीकडे बघत राहिले. ओहोटी होती.
होड्या चिखलात कलंडलेल्या, पोटं उघडी.

सात बसेना.
अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न.
पट्टी लावली, चित्र पाहिलं, परत पट्टी लावली.
चूक माझी नव्हती,
आणि ती माझी नाही हे ठरवण्यात
अख्खी संध्याकाळ गेली.

शनिवारी मंदा चिंबोऱ्या घेऊन आली,
सोबत तिचा बाप, चांगो,
डोळ्याच्या दवाखान्यातून परस्पर, हिरवा चष्मा लावून.
बाहेरच थांबतो म्हणाला, आणि सरळ टेबलापाशी आला.
"कोनाची?"
"माझी."
"पान्यात कदी घालनार?"
"काचेच्या कपाटात ठेवणार."
यावर तो काही बोलला नाही.
कण्यावरून अंगठा फिरवला. "पठाण बरा हाय.
पन तू वांक पयले लावतेस?"
हो म्हटलं. मग त्यावर फळ्या.

"आमी पयल्या फल्या वाकवायचो बाय,
एकीला एक धरून. होडी आपली आपन उभी रावाची.
मंग तिच्या पोटात हात घालून बघाचा
कुठं काय मागतेय ती,
आनि तसा वांक कापाचा."

"आणि नकाशा?"
चांगोने मान मंदाकडे वळवली.
मंदा माझ्या पाचशेचे सुटे मोजत होती.
"नकाशा नसतो ओ मॅडम."

तुटक रेघ आठवली मला.
गावठाण आलं की पेन उचलायचं, टेकवायचं, उचलायचं,
आणि आतला कागद पांढरा ठेवायचा.
दिवाळं मी ट्रेस केलं होतं, दोनदा;
पहिल्या शीटवर चहा सांडला म्हणून.
त्या पांढऱ्यात हा माणूस
कुठल्या तरी होडीच्या पोटात हात घालून उभा असणार,
आणि मी वाळायला ठेवलेल्या शाईवर
फुंकर मारत असणार.

त्याने सात उचलली, खिडकीच्या उजेडात धरली,
चष्मा वर सारून शाबूत डोळ्याने पाहिली.
"याला नको तासूस. खाच तास."
इतकंच. मग लिफ्ट आली,
मंदाने त्याला दंडाला धरून आत घेतलं,
आणि तो आरशातल्या स्वतःकडे न बघता
दरवाजाकडे तोंड करून उभा राहिला.

रात्री बारीक कानस घेतली.
तीन घास, फुंकर, एक घास.
सात बसली.
डावीकडे किंचित झुकलेय,
आगपेटी टेकवली असती तर दिसलं असतं.
टेकवली नाही.

स्वयंपाकघरात चिंबोऱ्या बादलीत खरवडतायत,
झाकणावर वरवंटा ठेवलाय.
आठ उद्या.