दुसरा अंक, तिसरा प्रवेश

दुसऱ्या अंकात, तिसऱ्या प्रवेशाला
मी पिऊन येतो.
बाटलीत कोरा चहा असतो, गाळून थंड केलेला,
रंगपटातल्या शेगडीवर माझ्या हातानं उकळलेला.
पोऱ्याला भरू देत नाही आता.
मागच्या हंगामात शिवणीला कोणीतरी
मायेनंच खरी भरून ठेवली होती
आणि मी ती ओतून दिली नाही.

‘विनोदसम्राट पुंडलिक गुरनुले’:
वडशाहून निघणाऱ्या हँडबिलावर
दिवाळी ते होळी, चौदा हंगाम.
बेवडा करावा तर पुंड्यानंच, म्हणत लोक.
दुपारी बैलांचा पट, रात्री मी.
धान निघालेल्या बांधीत ताडपत्र्या, पोरंबाळं, शेकोट्या,
आणि मी बूट काढायला वाकलो की
अख्खा मांडव आधीच हसू लागायचा.

तो बूट मी कुठं शिकलो, कोणी विचारलं नाही.
दोन्ही हातांनी, अंडं ठेवावं तसा ठेवायचा खाली.
मग ओठावर बोट ठेवून कडीला गप्प करायचं.
मग भिंतीला म्हणायचं, सरक जराशी, बाई.

कुरखेड्याकडच्या एका प्रयोगाला
मयूरी पुढं बसली होती, मामाच्या घोंगड्यात.
नववीतली पोर.
ती हसत नव्हती. रडतही नव्हती.
मी बूट उचलायच्या आधी
तिच्या बोटांनी घोंगड्याचं टोक उचललं.
कडीच्या आधी तिचे ओठ मिटले.
पुढची प्रत्येक हालचाल तिला पाठ होती,
प्रॉम्प्टरपेक्षा पक्की.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या,
सोडा असं मी म्हणत नाही अजून.
फक्त लिहा, कधी आठवते.
मी हँडबिलाच्या पाठीवर लिहू लागलो.
मला वाटायचं, भीतीनं पितो,
एंट्रीच्या आधी पोटात भोवरा फिरतो म्हणून.
कागदावर तसं एकदाही आलं नाही.
कागदावर आलं: पडदा पडल्यावर. पावणेपाच.
पडदा पडल्यावर. पाच.
टाळ्या थांबतात, जनरेटर बंद होतो,
आणि एवढा मोठा अंधार
एकट्या माणसाच्या पानात वाढला जातो.

तेव्हाच ऋषी मास्तर पेटी बांधता बांधता म्हणतो,
“घे ना गा, घोटभर. कलाकार हायेस का कारकून?”
आमच्याकडे बंदी आहे, म्हणून ती पाण्याच्या पाऊचात येते,
पाण्यासारखाच चेहरा करून.

बाईंनी सांगितलं होतं:
तलफ येते, चढते आणि उतरते,
प्यायलात तरी, नाही प्यायलात तरी.
वीस मिनिटं धरा.
लाखोळीच्या बांधीतून दवात पाय भिजवत
ट्रॅक्टरपर्यंत जायचं, परत यायचं,
तोंडावरचा रंग खोबरेल तेलानं पुसायचा,
आधी नाक, मग गाल, कपाळ सगळ्यात शेवटी.
कधी सतराव्या मिनिटाला हरलोय.
प्रतापगडच्या जत्रेत तर चौथ्याच.
तेही लिहिलंय. खोडलं नाही.

चहावर मी जास्त चांगला बेवडा करतो, म्हणतात.
असेल.
पूर्वी मला नुसतं पडता येत होतं.
आता तो दिसतो मला, दाराबाहेर वाकलेला,
बूट हातात घेतलेला,
घरात सगळे झोपलेत असं समजणारा माणूस.
परवा एक म्हातारा पुढून ओरडला,
“खरीच हाये का गा, पुंड्या?”
मी बाटली दिव्यासमोर धरली,
बराच वेळ पाहत राहिलो. टाळी पडली.

सकाळी सहाला घरी पोचतो.
कडी मुद्दाम वाजवतो,
शेजारचा कुत्रा उठावा इतकी.
बूट आपटतो.
मयूरी जागीच असते.
पाण्याचा लोटा देते,
देताना जरा जास्तच जवळ येते
आणि श्वास आत ओढते, हळूच,
मला कळू नये असा.

मला कळलं नाही, असं मी करतो.