पुनर्चाचणी

पहाटे पावणेतीनला गुल नवाज नमुने आणतो,
जहाजाच्या तेलाच्या सहा बाटल्या, अजून कोमट.
मी वेळ लिहिते, सही करते,
आणि बोट ठेवलं होतं तिथून उतारा पुन्हा धरते:
शेवाळाबद्दल एका शास्त्रज्ञाचं काही म्हणणं आहे,
दुसऱ्याला ते मान्य नाही,
लिहिणारीचा सूर कसा आहे, ते मी सांगायचंय.

सूर.
बाहेर फुजैराची रात्र, चौतीस अंश,
नांगरलेल्या जहाजांचे दिवे पाण्यावर,
एखादं गाव अंगणात झोपावं तसे.

डिसेंबरात तीनशे दोन आले होते.
दुबईतली गारठलेली खोली, कानांवर जड हेडफोन,
शेवटची पाच उत्तरं मी न वाचताच टिचकावली.
फोनवर बाबांना म्हटलं, बरी गेली.
किती, असं त्यांनी विचारलं नाही.
लॅकॉनिक : मितभाषी.
हा एक शब्द तेव्हापासून विसरले नाही.

बाकीचे चिकटवून ठेवलेत.
फ्यूम हूडच्या काचेवर ऑब्ड्युरेट,
सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर एफेमरल.
थंकच्चन सरांनी एकदा बाटलीवरचं टर्बिड वाचलं
आणि नमुना गढूळ समजून
जवळजवळ बाद केला.

गणितात एक टाकी असते.
एक नळ ती चार तासांत भरतो,
दुसरा सहा तासांत रिकामी करतो,
दोन्ही सोडले तर?
बारा तास. म्हणजे माझी एक पाळी.
खिडकीतून मला चाळीस टाक्या दिसतात,
एकीशीही कुणी असं वागलेलं नाही.
पण मला ठाऊक आहे ते:
रात्री भरलेलं
दिवसाच्या झोपेत, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात
गळत राहणं.

'बाजी, फिर वही इम्तिहान?'
तोच.
तो पायरीवर टेकतो, चहात रस्क बुडवतो.
हेवी लायसन्सला मी सातदा नापास, म्हणतो.
मग आठव्यांदा काय केलंस?
काही नाही. आठव्यांदा इन्स्पेक्टर कंटाळला होता.

जुलैत तीनशे नऊ.

सहा महिन्यांतले सगळे तीन वाजलेले,
सुट्टीच्या दिवशी न पाहिलेला समुद्र,
वहिनीच्या डोहाळजेवणाला न काढलेलं तिकीट,
मिळून सात गुण.

आता माझं काम असं आहे :
एकाच बाईने, एकाच यंत्रावर,
एकच तेल दोनदा तपासलं
तरी आकडा तोच येत नाही.
थोडा फरक चालतो.
किती चालतो, त्याचं कोष्टक भिंतीवर आहे.
त्याच्या आत असेल तर तेल बदललेलं नसतं,
नुसता हात हलला असतो.

सात कशात मोडतात?
मी बदलले, की हात हलला?
निकालाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांचंही कोष्टक होतं.
मी ते दोनदा वाचलं आणि खिडकी बंद केली.

तेलाचं सोपं असतं.
दोन आकड्यांची सरासरी काढते, शिक्का मारते,
जहाज सुटतं.
माझी सरासरी तीनशे साडेपाच.
ती कुणाला पाठवू?

प्रत्येक जहाजाच्या तीन बाटल्या भरतो आम्ही.
एक त्यांना, एक आम्हाला,
एक सीलबंद, कपाटात, वाद झालाच तर.
आज पाळी सुटताना कपाटाला कुलूप लावलं
आणि किल्ली हातात धरून जरा वेळ उभी राहिले.

ऑक्टोबरात एक शनिवार मोकळा दिसतोय.
फी म्हणजे खोलीचं अर्धं भाडं.

गुल नवाज म्हणतो, मी सोडतो तुला दुबईला.
बोगदे संपेपर्यंत झोप.
मग चिठ्ठ्या काढ, शब्द मोठ्याने म्हण,
अर्थ सांग.
तुला इंग्रजी कळतं?
नाही.
पण तू अडखळलीस तर कळेल.