लाईट तपासायला

डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारी
हार्ड डिस्क भरली म्हणून
शटर अर्धं ओढून बसलो.
उदगीर, देगलूर नाका.
थंडी अशी, की माऊसही बोटांना गार लागतो.
चौदा हजार तीनशे फोटो.
ठरवलं, आवडले तेवढेच ठेवायचे.

लग्नं भराभर पुसली.
पैसे आले, अल्बम गेले.
तोंडारच्या लग्नातला एक राहिला:
मांडवामागं गाद्यांच्या थप्पीवर
बूट घालूनच झोपलेला नवरीचा भाऊ,
मुठीत ट्रॅक्टरची किल्ली.
वरात फोटोत नाही.
तिचा हिरवा उजेड तेवढा त्याच्या गालावर.

किल्ल्याच्या सूर्यास्ताला
तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं.
ठेवला. परत उघडीन असं वाटत नाही.

महानंदा बिरादार, पोलीस भरतीचा फॉर्म.
मागं पांढरं, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
पहाटे चारला ग्राउंडवर पळून
तशीच आली होती.
कपाळावर वाळलेल्या घामाची
मिठाची रेघ.
‘तेवढी काढा ना,’ म्हणाली.
फॉर्मावरची काढली.
तिची भरती झाली का, ठाऊक नाही.
रेघ माझ्याकडं आहे.

जळकोटची शाळा, सातवी ब.
मोबाईलवर आडवा लांब फोटो घेताना
अरबाज मागून पळत गेला
आणि दोन्ही टोकांना उभा राहिला.
डावीकडं गंभीर,
उजवीकडं धापा टाकत, हसू दाबत.
पटावर बेचाळीस, फोटोत त्रेचाळीस.
गुरुजींनी तीनदा मोजलं.

ऑगस्टात शिवमूर्ती हुडगे गेले.
मुलानं कुणाच्या तरी बारशातला
ग्रुप फोटो आणला.
‘यातले दादा काढून द्या.’
काढले. मागं निळं आभाळ लावलं.
खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहिली होती,
एकात चांदीचं वळं.
ती पुसली, खांदा नीट करून दिला.

महिन्याभरानं त्यांची बायको आली,
फ्रेम पदराखाली धरून.
‘इथला हात कुठं गेला ओ?’
मी म्हणालो, पुसला.
‘परत लावा की.’
कुणाचा होता, विचारलं.
‘बांधावरून सतरा वर्षं
बोलत नव्हते, त्याचा.
तिसऱ्या दिवशी दारापर्यंत आला,
आत काही आला नाही.
तेवढा हात तरी राहू द्या.’

लावला.
पैसे घेतले नाहीत असं सांगायला
मला आवडलं असतं.
साठ रुपये घेतले.

मग उरले दोनशे सत्त्याण्णव,
सगळे रिकाम्या स्टुलाचे.
रोज सकाळी पहिलं माणूस यायच्या आत
लाईट तपासायला एक काढतो,
पुसायचं राहून जातं.
लाल रेक्झिनचं स्टूल.
मार्चात फाटलं.
एप्रिलात चिकटपट्टी.
एकात त्याच्यावर माझा डबा राहिलाय.
मेच्या नऊ दिवसांचा एकही नाही,
आई लातूरला ॲडमिट होती.

सगळे निवडले.
पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून
बाण दाबून धरला,
एकामागून एक सरकू लागले
आणि स्टूल चालायला लागलं.
बोटभर मागं. आणखी बोटभर.
कधी एकदम फरशीभर पुढं,
म्हणजे त्या दिवशी मी झाडलं असणार.
पुन्हा मागं, भिंतीकडं.
उठताना जो तो त्याला
जरासं ढकलून गेलेला.
पेन्शनवाले, दहावीचे, नवी सून,
पासपोर्ट काढून अजून इथंच असलेला खालेद.
कुणीच दिसत नाही.
सगळ्यांचं उठणं तेवढं दिसतं.

पुन्हा पहिल्यापासून बघितलं.
बाहेर चहावाल्यानं शटर वाजवलं, ‘शेठ, हायसा का?’

नवी डिस्क साडेचार हजाराची.
सिद्रामला फोन लावला,
उधारीवर देतो का म्हणून.