वळण

बाबांचं अक्षर मोत्यासारखं होतं.
बेटावरचं प्रत्येक बाळ आधी चर्चच्या वहीत
त्यांच्या हातून उमटायचं,
मग पाद्री त्याच्या कपाळाला पाणी लावायचे.
मलाही वळण त्यांनीच लावलं.
‘का’ काढताना पाय जरा लांब ओढायचा,
शेवटी आकडा. मासे धरायच्या गळासारखा.

नाताळच्या रात्री आई मेणबत्त्या घेऊन निघायची.
आमच्या थडग्यांवर सात.
मग भिंतीपलीकडे, जिथे कुणालाच पुरलेलं नाही,
जुनिपरच्या झुडपांत, बर्फात,
अठरा, आणि एक अर्धी मोडलेली.
“या कुणाच्या?”
“वाऱ्याच्या.”
बाबा घरीच थांबायचे, चुलीपाशी.
त्यांचा पाय नेमका त्याच रात्री दुखायचा.

वाऱ्यालाही कुणीतरी लागतं, असं मी धरून चालले.
माझा देव तिथून सुरू झाला.

तार्तूच्या दप्तरखान्यातल्या बाईंनी
फाइल ठेवली, चहा हवा का विचारलं.
मार्च एकोणपन्नास. सैबेरियाला पाठवायची माणसं.
यादी टंकलेली नव्हती.
कुल्ली आल्वीने, अठ्ठ्याहत्तर, चालता येत नाही.
काल्मुस रूडी, सुतार.
मी वाचत नव्हतेच, वळण बघत होते.
एकोणिसावं नाव:
कादारिक एंडेल, पाच आठवडे.

हेच नाव फेब्रुवारीत बाप्तिस्म्याच्या वहीत आहे.
तोच ‘का’.
तोच गळ.
शाईसुद्धा तीच असावी, जांभळट.

म्हणजे आईला माहीत होतं.
चाळीस वर्षं ती मूग गिळून बसली,
त्यांना राईची भाकरी कापून देत राहिली,
लोणी आधी त्यांच्या बाजूला सरकवत राहिली.
तिला दोष देऊ, तर
घरातला तेवढा एकच उजेड तिचा होता.

“आमची ऋणे आम्हांस सोड” इथे मी आता थांबते.
मनात एकोणीस मोजते.
तोवर बाकीचे आमेनपाशी पोचलेले असतात.
पाद्रीणबाई एकदा म्हणाल्या, हिल्या, तुम्ही मागे पडता.
हो म्हटलं.

बाबांनंतर वही माझ्याकडे आली.
रविवारी कूस्कांच्या नातीचं नाव लिहायचं होतं.
पेन टेकवलं.
हातानं पाय लांब ओढलाच.
आकड्याआधी मी ते उचललं,
आणि बाळाची आई वाकून म्हणाली,
किती सुंदर अक्षर.