सहा दातांची पट्टी

नंदगडच्या रस्त्याला नळाची चर खणताना
बाटली निघाली, हिरवट, तोंडात माती गच्च.
मुकादमानं ती माझ्या काउंटरवर आणून ठेवली :
"तुमच्या धंद्यातली दिसते, बघा."

नळाखाली धरली. चिखल सुटला
तसा काचेच्या आत एक बुडबुडा दिसला,
जोंधळ्याएवढा, कसाही धरा, हलत नाही.
खांद्याशी उठावाची इंग्रजी अक्षरं, निम्मी झिजलेली.
आणि एक बाजू सपाट.

ती सपाट बाजू मला ठाऊक आहे.
तिथं पट्टी चिकटायची, खळीनं.
माझे पणजोबा भुजंग रेवणकर,
खानापूरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर,
कागद दुमडून तिरकी कात्री चालवत.
उलगडला की सहा दात.
एक सकाळी, एक दुपारी, एक दिवे लागताना.
अक्षर येत नसलं तरी दात मोजता येतात.

बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची.
कुणाची एरंडेलाची, कुणाची साहेबाच्या बंगल्यामागून उचललेली,
दारूचा वास अजून न गेलेली.
राखेनं घासा, कढत पाण्यानं विसळा, मग या,
हे ते आधी मराठीत सांगत, मग कानडीत,
मग नुसतं हातानं.

कल्लव्वा लोंढ्याकडच्या रानातून चालत यायची.
नवरा लाकडाच्या डेपोत. पोराला
एक दिवसाआड हीव भरायचं.
आठवड्यानं आली तर मिक्श्चर
तिसऱ्या दातावर. पुढच्या आठवड्यात आली,
तरी तिसऱ्याच.
पणजोबांनी बाटली उजेडाकडे धरली.
आत निवळ आडाचं पाणी.

"पाजलं नाहीस?"
"कुडिशीन्री," ती म्हणाली, रोज पाजलं की.
जेवढं पाजलं तेवढं पाणी वरनं भरलं.
संपल्यावर मग त्याला द्यायचं काय?

इथं पणजोबांनी भडकायला हवं होतं.
त्यांचा आवाज बाजारापर्यंत जाई म्हणतात.
पण फळीवरच्या मोठ्या बरणीत
त्या आषाढात क्विनीन किती आणि आड किती
हे डॉक्टरला ठाऊक, त्यांना ठाऊक.
बेळगावहून पेटी सुटली नव्हती.
आधी कॅम्पातली पलटण, मग तालुके.
म्हणजे त्यांनी पाणी दिलं होतं
आणि तिनं त्यात पाणी घातलं होतं.

खणात एक पुडी होती, घरासाठी बाजूला ठेवलेली.
अर्धी तिच्या बाटलीत गेली.
अर्धी परत खणात.

ही गोष्ट आमच्याकडे कुणी फुशारकीनं सांगत नाही.
थोरली मुलगी, सगळ्यांची नागूआत्या,
म्हातारपणी एवढंच म्हणायची :
"मला तेव्हा ताप आला नव्हता. अजून."

पोराचं काय झालं ते वहीत नाही.
वहीत आहे : कल्लव्वा, बाटली एक, बूच नवं,
आणि पुढं शाई फुटलेला एक शब्द, गुण,
त्याच्यामागे प्रश्नचिन्ह.
तो शब्द कानडीतही गुणच.

काल एकजण आला, पाच दिवसांची चिठ्ठी घेऊन.
दोन दिवसांच्या कापून द्या म्हणाला.
मी पाकीट कात्रीनं कापलं,
त्याला काय सांगायचं ते सांगितलं.
त्यानं मान हलवली, ती कशी हलवतात
हे मला रोज दिसतं.

दुपारी मी बाटलीत पाणी भरलं,
तिसऱ्या दाताच्या अंदाजानं,
आणि बेसिनमध्ये ओतून दिलं.

चरीवरची एक बाई सुट्टे पैसे मागायला आली होती.
बाटलीकडे बघत राहिली.
"ठेवायची नसेल तर द्या, तेलाला होईल."
घासून घे, म्हणालो, मराठीत, मग कानडीत.
तिचा अंगठा सपाट बाजूवरून
खालवर फिरत होता.
"बूच आहे काय हो?"