वार तेवढा बरोबर

पाताळपाणीच्या स्टेशनाबाहेर, सकाळचे सहा.
सेल नवे घातले, तरी यंत्र मुकं.
झाकण उघडलं तर स्प्रिंगवर हिरवा गंज.
वसुधाताईंनी बजावलं होतं,
खोडरबर ने, आणि एक लिंबू.
लिंबू फिरवलं, ओढणीनं पुसलं,
चॉकलेटच्या चांदीची घडी स्प्रिंगखाली सारली.
पिवळ्या डबड्यानं डोळे किलकिले केले.

करड्या पडद्यावर आकाशाचा गोल,
खाली बारा काठ्या, सगळ्या पोकळ.
उपग्रह सापडला की काठी उगवते,
पटला की भरते.
सात महिने कपाटात होतं,
आभाळाची ओळख मोडली असणार.
मध्येच त्यानं विचारलं, तुम्ही घरात आहात का?
नोव्हेंबरची थंडी, डोक्यावर उरलेल्या चार चांदण्या,
पाठीमागे चहावाल्याचा स्टो.
नाही रे बाबा, म्हटलं.

एक भरली. दोन.
बराच वेळ दोनच.
मग एकदम चार, आणि अक्षांश, रेखांश, उंची, घड्याळ,
सगळं जागेवर.
फक्त तारीख:
रविवार, दहा एप्रिल, दोन हजार पाच.

जेल रोडवरच्या फैजाननं सांगितलं होतंच.
आठवडे मोजायला याच्याकडे
एक हजार चोवीस घरं.
संपली की पुन्हा पहिल्यापासून.
म्हणून वार चुकत नाही, वर्ष चुकतं.
"रास्ता सही बताएगा, आंटी. तारीख मत पूछना."

विचारली नाही. चालत राहिले.
रुळांची सोबत सोडून डावीकडे,
सागाच्या पानांचा कर्रकर्र आवाज, मग नाला.
थांबलं की बाण भिरभिरतो,
दहा पावलं टाकली की पुन्हा शहाणा होतो.
वाटेत वसुधाताईंच्या खुणा,
सहा अक्षरांत कोंबलेल्या:
उंबर. खडक. झरा.
बैल १.
तिथे बैल नव्हता.
गवत होतं, आणि एक पडका बांध.

दुपारी बांधावर बसून सेंव-परमल खाल्लं.
पडदा म्हणत होता, सूर्यास्त सहा त्रेचाळीस.
भरपूर वेळ, म्हणून अजून एक टेकडी चढले.
पावणेसहाला खोऱ्यातून अंधार वर आला
आणि मला कळलं,
हा सूर्यास्त एप्रिलचा आहे.
तासभर उजेड मी
एकोणीस वर्षांपूर्वीच्या खात्यातून खर्च करत बसले होते.

होते तिथे कळ दाबून खूण केली. का, ते सांगता येणार नाही.
यंत्रानं आपणहून नाव दिलं: ०१७.
मग सकाळच्या माझ्याच ठिपक्यांवरून
उलटं यायला लागले,
पडद्याचा हिरवा दिवा पेटायचा, विझायचा,
विझला की पुन्हा दाबायचा.
नाल्यात एक पाय गुडघ्यापर्यंत.
महूची शेवटची बस
कंडक्टर लघवीला उतरला होता म्हणून मिळाली.

रामबागेत वसुधाताई
गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसलेल्या.
"आण इकडे."
चष्मा न लावता, नुसत्या अंगठ्यानं
बाजूच्या कळा दाबत गेल्या.
"खडकाच्या वरून गेलीस? खालून वाट आहे, वेडे."
तारखेशी अंगठा थांबला.
मी म्हटलं, फैजान केबल शोधतोय, मिळाली तर बघू...

"राहू दे."
टबातलं पाणी हललं.
"दोन हजार पाचच्या एप्रिलात
माझे दोन्ही गुडघे धड होते.
म्हणजे ही सतरा किलोमीटर माझी."
आणि खरंच
माझी वाट त्यांनी आपल्या जुन्या वाटांत साठवून टाकली.

"हे शून्य सतरा काय?"
अंधार झाला ती जागा, मी म्हटलं.
सूर्यास्ताचं सगळं सांगितलं.
त्या हसल्या, टब हिंदकळला, फरशी भिजली.

"पण ताई, त्या बांधाशी बैल कुठे होता?"
"मीच की," म्हणाल्या,
आणि एकेक अक्षर शोधत, सावकाश,
०१७ पुसून लिहिलं:
बैल २.